१७ सप्टेंबरचं तोरण

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी मी स्टुलावर चढून दाराला पताका बांधत होते आणि लेक खालून दोरा धरून उभी होती. कागदी झेंड्यांची पताका. दोन दिवस खपून आम्ही दोघींनी केलेली. कार्डशीटचे एकवीस तुकडे, त्यावर केशरी, पांढरा, हिरवा, मधे निळ्या पेननं चक्र. लेक पाचवीत आहे. चोवीस आरे मोजूनच काढायचे, हा तिचा हट्ट, त्यामुळं एकेका झेंड्याला दहा-दहा मिनिटं गेली होती.

आजी काठी टेकत ओट्यावर आल्या. आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई, नव्वदीला टेकलेल्या.

"काय करायलीस गं?"

"उद्या पंधरा ऑगस्ट ना आजी. दार सजवायलोय."

त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झेंडा हाय का तोरण हाय त्ये? काढ, माय. झेंडा असा लटकवीत नसतेत."

लेकीचे डोळे भरून आले. मलाही लागलं. आजी कधी कुणाच्या कामात बोट घालत नाहीत, म्हणून जास्तच लागलं. पण पताका काढली आणि कपाटावर ठेवली. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी लेकीला जवळ बसवून घेतलं आणि त्यांच्या माहेरच्या गोधडीची गोष्ट सांगितली. या घरात मी पंधरा वर्षं आहे, पण ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

आजींचं माहेर हिप्परग्याच्या बाजूचं. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत येण्याआधी त्याच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते, त्यामुळं त्या भागातल्या घराघरात चळवळीचं वारं होतं. देशाला १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, पण आपल्याकडं निजामाचंच राज्य होतं. हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हावं म्हणून स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्टपासून सत्याग्रह सुरू केला होता. गावोगाव तिरंगा लावायचा आणि तुरुंगात जायचं. स्वामीजींना तर १५ ऑगस्टलाच पकडलं. तिकडं दिल्लीत झेंडा चढला आणि इकडं त्याच झेंड्यापायी माणसं आत जात होती. मग रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, धुमाकूळ सुरू झाला.

आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. त्यांच्या वडिलांनी आणलेला झेंडा आईनं गोधडीच्या दोन थरांमधे घालून वरून धावदोरा मारून टाकला. "चरख्याचा झेंडा व्हता आमचा. चक्र मागून आलं." (झेंड्यावर चरख्याच्या जागी चक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला. खेड्यातल्या जुन्या झेंड्यावर चरखाच असणार.) झडतीला माणसं आली. त्यांनी बळदात काठ्या खुपसल्या, कणगी उलथी केली. आजींना त्या गोधडीवर झोपवून ठेवलं होतं. कुणी उठवलं नाही. वर्षभर ती गोधडी घरात अंथरली-पांघरली गेली. लष्कराची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. गावात बातमी पोचली तशी आईनं विळ्याच्या टोकानं टाके उसवले. "इतक्या घड्या पडल्या व्हत्या त्याला. लोट्यात इंगळ घालून इस्तरी केली."

म्हणून आजींना दाराला झुलणारे एकवीस झेंडे बघवेनात.

दुसऱ्या दिवशी मी भारतीय ध्वजसंहिता वाचायला घेतली. २६ जानेवारी २००२ पासून ती लागू आहे, आणि इतकी वर्षं मी ती नीट वाचली नव्हती. त्यात स्वच्छ लिहिलंय की राष्ट्रध्वजाचा उपयोग तोरण, पताका किंवा शोभेची वस्तू म्हणून करायचा नाही. उशी, रुमाल, हातपुसणं यांवर तो छापायचा नाही की भरायचा नाही. त्यावर अक्षरं लिहायची नाहीत. कागदी झेंडा हातात धरून फडकवायला हरकत नाही, पण कार्यक्रम संपल्यावर तो जमिनीवर टाकायचा नाही. आजींना ध्वजसंहिता माहीत नाही, पण दोघींचं म्हणणं एकच.

आमच्या पताकेतले झेंडे मी दोऱ्यातून सोडवले, काड्यांना चिकटवले आणि सकाळी गल्लीतल्या पोरांच्या हातात प्रभातफेरीला दिले. परत आल्यावर एकेकाकडून मोजून घेतले. वीस आले. एकविसावा शोधायला लेक आणि मी पार चौकापर्यंत जाऊन आलो. तो एका दुकानाच्या पायरीशी ओला होऊन पडला होता. तिथंच नालीच्या कडेला प्लॅस्टिकचे झेंडेही पडले होते, पाच-सहा तरी असतील. प्लॅस्टिकचा झेंडा वापरायला परवानगीच नाही, तरी दरवर्षी सिग्नलवर आणि दुकानांत तो येतोच, आणि १६ ऑगस्टला झाडणाऱ्या मावशींच्या गाड्यात जातो. मला त्याचं फार वाईट वाटतं. आम्ही तेही उचलून आणले. फाटक्या-मळक्या झेंड्यांची विल्हेवाट एकांतात, शक्यतो जाळून, मान राखून करायची, असं संहितेत आहे. कागदी झेंडे मागच्या अंगणात जागा झाडून, सारवून, नवी काटक्यांची आगटी करून जाळले. बंबात नाही घातले. प्लॅस्टिक जाळायला मन धजेना, धूर विषारी. ते पुसून, घडी करून वेगळ्या पुडक्यात बांधून ठेवलेत.

आता प्रश्न राहिला दाराचा. आजींनाच विचारलं, "मग दार मोकळंच ठेवायचं का?" त्या म्हणाल्या, "मोकळं कशाला? रंग लाव की. झेंडा येगळा, रंग येगळे. अन् आपलं दार सतरा सप्टेंबरला सजवीत असतेत."

मधे महिना होता. पोळा आणि महालक्ष्म्या त्यातच येणार होत्या. तेव्हाच ठरलं की पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना जे हातानं करतो, त्यातूनच तोरण करायचं. बाजारातून रंगीत रिबिनी आणायच्या नाहीत.

पांढऱ्यासाठी कापूस घरचा होता. मराठवाड्यात कापसाला पांढरं सोनं म्हणतात, आणि नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेलं नांदेड-४४ वाण एके काळी आमच्याकडच्या शिवारात सगळीकडं दिसायचं. आमचं रान थोडंच आहे, पण वाती-वस्त्रांपुरता कापूस आजी दरवर्षी गाठोड्यात बांधून ठेवतात. त्याची सरकी बोटांनी काढली, कचरा वेचला, कापूस पिंजून मोकळा केला. मग गेजावस्त्र करतात तसं. कापसाची लांब पेड ओढायची, अंगठा आणि पहिलं बोट दुधात टेकवून बोटभर अंतरावर पीळ द्यायचा. दोन पिळांच्या मधे जो फुगा राहतो तो बोटाच्या टोकानं हलके फुलवला की गोल मणी होतो. दूध जास्त लागलं की मणी चपटा होतो, कमी लागलं की पीळ सुटतो. लेकीचे पहिले दहा-बारा मणी वातीसारखे झाले. आजींनी तिचा हात धरून चार पीळ देऊन दाखवले. बोटं वाकडी झालीत त्यांची, पण कापूस त्या बोटांतून पाण्यासारखा निघत होता.

केशरी रंगानं मात्र मला दमवलं. मला तो घरचाच करायचा होता. शिमग्यात वाळवून ठेवलेली पळसाची फुलं होती, ती तुरटी घालून उकळली. रंग आला, पण पिवळ्याकडं झुकणारा, फिकट. मग आठवलं की हळदीत चुना पडला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करायचे. हळदीच्या पाण्यात खायच्या चुन्याची निवळी थेंब थेंब टाकत गेले. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला असा सुरेख केशरी उतरला की मी सगळ्यांना बोलावून दाखवला. सुताची अख्खी लड बुडवली आणि सावलीत वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लड पिवळी! चुन्याचा क्षार हवेत मरतो, तो मेला की हळद आपल्या मूळ रंगावर येते. शिवाय उन्हात हळदीचा रंग उडतो तो वेगळाच. हिरव्यासाठी पालक वाटून बघितला, तो वाळल्यावर शेवाळ्यासारखा झाला. दोन्ही प्रयोग सोडून दिले आणि रंगाऱ्याकडून सुती कपड्याच्या रंगाच्या पुड्या आणल्या, एक केशरी, एक हिरवी. यात मला कमीपणा वाटला नाही. रंग टिकला पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं.

पुडीच्या रंगाची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. सूत आधी साबणाच्या गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ आणि तेलकटपणा काढायचा, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. ओलं सूतच रंगात सोडायचं. पाणी उकळीला येऊ द्यायचं, मूठभर मीठ घालायचं, काठीनं हलवत वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं आणि पातेल्यातच निवू द्यायचं. मग धुणं. दोन पाण्यांनी धुतल्यावर मला वाटलं झालं. नव्हतं झालं, ते पुढं कळलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या रानात काम बघणारे मामा बैलांसाठी अंबाडीच्या माथोट्या आणि गोंडे करायला ओट्यावर बसले होते. मी सुताच्या लडी घेऊन त्यांच्याशेजारी बसले. मामांनी माझा पहिला गोंडा हातात घेऊन नुसता झटकला, आणि निम्मे धागे खाली. "मानंला पक्कं बांधा ताई. सैल बांधला की गोंडा केस सोडतो. बैलानं मान झाडली तर काय ऱ्हाईल त्याच्यावर?" त्यांची पद्धत अशी. चार बोटं रुंद पुठ्ठ्यावर सूत चाळीस वेढे गुंडाळायचं, वरच्या कडेला दुहेरी दोरा ओवून करकचून गाठ मारायची, खालची कडा कात्रीनं कापायची. मग वरून अंगठ्याएवढं अंतर सोडून मानेला सात-आठ वेढे आवळायचे आणि दोऱ्याचं टोक सुईनं मानेच्या आत ओढून घ्यायचं. गाठ बाहेर दिसता कामा नये. शेवटी गोंडा चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचा, धागे सरळ होतात, मग खालून एकसारखा कापायचा. मामांनी तीन केले, मी पंधरा. नऊ केशरी, नऊ हिरवे.

जोडणीला एक संध्याकाळ पुरली. जाड सुती दोरी दाराच्या रुंदीएवढी. तिला नऊ लोंबत्या सरी. प्रत्येकीत वर केशरी गोंडा, खाली कापसाचे तीन पांढरे मणी, त्याखाली हिरवा गोंडा. मधे मधे आंब्याची पानं ऐन दिवशी खोवायची. लेकीनं विचारलं, "आणि चक्र?" चक्र घालायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तीन रंग कुणीही कशातही गुंफावेत. पण तीन ते दोन हे लांबी-रुंदीचं माप, सारख्या रुंदीचे तीन पट्टे आणि मधे चोवीस आऱ्यांचं निळं चक्र, हे सगळं जुळून आलं की तो राष्ट्रध्वज होतो, आणि त्याला दारावर धूळ खात ठेवायचं नाही. केशरी वर आणि हिरवा खाली, हा क्रम मात्र तोरणातही पाळला. तो उलटा झालेला माझ्या डोळ्यांना चाललाच नसता.

महालक्ष्म्या उठल्यावर एक दिवस तोरण बांधून बघावं म्हणून दाराला लावलं, आणि दुपारी पावसाची झड आली, वाऱ्यासकट. दार ओट्याच्या आत आहे तरी शिंतोडे पोचले. येऊन बघते तर नऊच्या नऊ सरींचे पांढरे मणी गुलाबीसर केशरी. पाणी वरून खाली येणार, केशरी वर, पांढरा त्याच्या खाली. एवढी साधी गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. रडायला आलं अगदी. सत्तावीस मणी फेकावे लागले. हिरव्याचाही रंग जात होता, पण तो खालच्या खाली गळून गेला.

सगळ्या सरी उसवल्या. गोंडे पुन्हा मिठाच्या कोमट पाण्यात रात्रभर घातले. सकाळी धुवायला घेतले ते पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत, केशरीला नऊ पाणी लागली, हिरव्याला सात. शेवटी ओला गोंडा पांढऱ्या फडक्यात दाबून बघितला. फडकं कोरं राहिलं, तेव्हाच सोडला. कुणी सुती गोंडे रंगवणार असेल तर पाणी मोजू नका, फडक्यावर डाग पडतोय का तेवढं बघा. मणी आम्ही तिघींनी बसून नवे केले. या खेपेला लेकीचे मणी माझ्यापेक्षा गोल झाले.

दिवाणखान्यातल्या भिंतीसाठी मनात वेगळंच होतं. झेंड्यावर लिहायचं नाही, पण कापडावर लिहायला काय हरकत? अंबाजोगाईला कापडावरचं लिहिणं नवं नाही. संतकवी दासोपंतांची पासोडी इथलीच, चाळीस फुटांच्या आसपास लांबीच्या कापडावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेला. मी तीन मीटर पांढरी खादी घेतली, फूटभर रुंदीची पट्टी फाडली (खादी कापायची नाही, कडेला चीर देऊन फाडायची, म्हणजे सुताला सरळ फाटते) आणि त्यावर मुक्तिसंग्रामातल्या गावांची नावं लिहायची ठरवली. हिप्परगा. अंबाजोगाई. बँकेवरच्या हल्ल्याचं उमरी. हुतात्मा वेदप्रकाशांचं गुंजोटी. गोविंदराव पानसरे जिथं मारले गेले ते अर्जापूर. अशी नावं काढत गेले.

पहिलं अक्षर लिहिलं आणि ते सुरवंटासारखं पसरलं. खादीचं सूत हातानं कातलेलं, मोकळं, ते रंग पितं. मग पट्टी धुतली. आटून वीतभर तरी कमी झाली असेल. साबुदाण्याची दाट खळ करून गाळून त्यात बुडवली, न पिळता दोरीवर टाकली आणि थोडी ओल असतानाच इस्त्री केली. पट्टी कागदासारखी कडक झाली. त्यावर पेन्सिलनं दोन रेघा मारून, बारीक ब्रशनं कापडाच्या निळ्या रंगात लिहिलं. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवायचा, रंग वाटीच्या कडेला पुसून घ्यायचा. कडांना लेकीनं केशरी आणि हिरव्या दोऱ्यानं गोधडीचा धावदोरा घातला. टाके लहान-मोठे झालेत, मी काही बोलले नाही.

झेंडा तेवढा विकत आणला, घरी केला नाही. खादी भांडारातून ९०० बाय ६०० मिलिमीटरचा, सुती खादीचा. आता पॉलिस्टरचा आणि यंत्रावर केलेलाही चालतो, २०२१ च्या डिसेंबरात तसा बदल झाला. तरी मला खादीचाच हवा होता. झेंड्यासाठीची खादी उदगीरला विणतात आणि झेंडे नांदेडला शिवतात, हे आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी घडी हातात घेऊन कापड चोळून बघितलं. "उदगिरचं व्हय?" एवढंच म्हणाल्या, पण घडी बराच वेळ मांडीवर होती.

१७ सप्टेंबरला सकाळी गच्चीवर काठी उभी केली. घडीत झेंडूच्या पाकळ्या घातल्या, त्याला संहितेत आडकाठी नाही. ह्यांनी दोरी ओढली. आजींना खुर्चीवर बसवून वर नेलं होतं, राष्ट्रगीताला त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. खाली दाराला तोरण होतं, आंब्याच्या पानांसकट. बारीक पाऊस येऊन गेला, मणी पांढरेच राहिले.

दुपारी आजी भिंतीवरच्या पट्टीसमोर गेल्या. चष्मा लावून एकेक नाव बोटानं वाचत गेल्या, शेवटपर्यंत. मग वळून म्हणाल्या, "आमचं गाव कुटंय यात?"

त्यांच्या माहेरचं नाव मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, म्हणून लिहिलं गेलं नव्हतं. मी ब्रश आणला. टोकाला चार बोटं जागा होती, पण तिथली खळ हात लागून लागून निघून गेली होती. आजी म्हणतात तशा उच्चारानं गावाचं नाव लिहिलं, आणि अक्षरं पसरली. लेक म्हणाली, आपण दुसरी पट्टी करू.

"ऱ्हाऊ दे," आजी म्हणाल्या. "वाचाय येतंय की."